घंटी वाजली की सभा सुरू

हे बोट बघा. फोनवरच्या सभेत विचारतायत, वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायचं का, हो असेल तर १ दाबा, नको असेल तर २. बोटाने १ दाबलं. झालं मत देऊन, ना ॲप, ना ओटीपी, ना डेटा पॅक.

बटण दाबल्याचा तो आवाज परत ऐकूया. वाटतो एक, पण सूर दोन आहेत, ६९७ हर्ट्झ आणि १२०९ हर्ट्झ, कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर आणि उभ्या ओळीला एक, जोडी कुठली वाजली त्यावरून पलीकडच्या मशीनला बटण कळतं. १९६३ पासून हे चालू आहे. सूर आपल्या बोलण्याच्याच वाटेने जातात, त्यामुळे इंटरनेट लागतच नाही, लँडलाइन चालतो, साधा बटणांचा मोबाइल चालतो. (डायल फिरवायचा जुना फोन मात्र नाही, त्यातून हे सूर निघत नाहीत.)

आता ही खोली. इथे फोनवरची सभा चालू आहे. लोकांनी नंबर लावायचा नाही, सिस्टीमच यादीतल्या हजारो नंबरांना एकदम फोन लावते, उचलला की तुम्ही सभेत. कंटाळा आला तर ठेवून द्या, कोणी रागावत नाही. प्रश्न असेल तर सांगितलेलं बटण दाबायचं, मग हेडफोन लावलेली ही मुलगी आधी तुमच्याशी बोलणार, नाव काय, राहता कुठे, विचारायचंय काय, आणि भराभर टाइप करणार. स्क्रीनवर रांग बघा कशी वाढतेय. सूत्रसंचालक त्यातून एकेकाला लाइनवर घेतो, मग तुमचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि सभा घेणाऱ्या साहेबांना उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. खरं तर सगळी सत्ता या मुलीच्या हातात, अडचणीचा प्रश्न तिने खाली सरकवला तर बाहेर कोणाला कळणार?

एसएमएसनेही जमतं. आफ्रिकेतल्या डीआर काँगो देशाच्या साउथ किवू प्रांतात बजेटच्या सभेचं आमंत्रण एसएमएसने गेलं, कुठलं काम आधी करायचं ते मतही एसएमएसने आलं आणि काय ठरलं तेही तसंच कळवलं. पण त्याला वाचता यावं लागतं, फोनवर नुसतं बोलता आलं तरी पुरतं, म्हणून आमचा जीव फोनवर जास्त. ऐकू न येणाऱ्यांना टपालाने उत्तराचं कार्ड, तिकीट न लावता परत पाठवता येईल असं. आणि यादीत नंबरच नसेल त्यांच्यासाठी सभेचा नंबर रेडिओवर सांगायचा, पाण्याच्या बिलावर छापायचा.

लाइन बंद झाली की मतांचा आकडा ठरावाच्या कागदांना जोडायचा, राहिलेले प्रश्न त्या त्या खात्याकडे पाठवायचे, आणि ज्यांचे होते त्यांना परत फोन करायचा.