रक्त देण्याआधी भात सोडू नका

मंडळी, कुठल्याशा तपासणीत उपाशीपोटी साखर ११८ निघते, डॉक्टर म्हणतात, ‘पुन्हा एकदा नीट तपासून घ्या.’ त्या संध्याकाळपासून घरात भात बंद होतो आणि सकाळी मेथीचं पाणी सुरू होतं. आज बोलायचं आहे ते निदानाआधीच्या या मधल्या दिवसांबद्दल. भीतीपोटी खाण्यात केलेले बदल या दिवसांत तपासणीच बिघडवतात.

आधी आकडे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ ही त्याच्या अलीकडची पायरी. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ अलीकडची पायरी. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, १४० ते १९९ मधली अवस्था. लक्षणं काहीच नसतील तर एका आकड्यावर निदान होत नाही, दुसऱ्या आकड्याचा दुजोरा लागतो. घरच्या ग्लुकोमीटरवर तर निदान करूच नये.

यातली ग्लुकोज पिऊन करायची जीटीटी आहाराच्या बाबतीत सर्वांत हळवी. तिच्या आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ती तोडली की शरीर चरबीवर चालायला लागतं आणि अचानक आलेल्या ग्लुकोजला इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो. मग दोन तासांचा आकडा उगाच चढा येतो. म्हणजे साखर कमी यावी म्हणून भात-पोळी सोडली, तर नेमकं उलटं होतं.

दीडशे ग्रॅम म्हणजे किती? पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ३८, दोन मध्यम पोळ्यांत ४०, अर्ध्या वाटी भातात १५, वाटीभर वरणात १२, एका केळ्यात २५, एका ज्वारीच्या भाकरीत ४०. बेरीज १७०. आपलं नेहमीचंच जेवण झालं हे. जेवढं रोज खाता तेवढंच खा, मुद्दाम गोडधोडही नको. एकादशीच्या किंवा नवरात्रातल्या उपासाला लागून तपासणी ठेवू नका. ताप असेल तर पुढे ढकला. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ती आपल्या मनानं बंद करू नका.

आदल्या रात्री नऊपर्यंत जेवा आणि सकाळी साडेसातला लॅबमध्ये जा. किमान आठ तास उपाशी राहायचं, चौदाच्या पुढे जायचं नाही. पाणी चालतं, बिनसाखरेचाही चहा चालत नाही. पहिलं रक्त दिल्यावर ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं. दोन तास पहिल्या घोटापासून मोजतात. तेवढा वेळ एका जागी बसून राहा, फेऱ्या मारू नका, सिगारेट नको. उलटी झाली तर तिथेच सांगा, त्या दिवशीची चाचणी बाद धरायची.

एचबीए१सीला उपास लागत नाही आणि चार दिवसांच्या पथ्यानं ते फारसं हलतही नाही, कारण ते दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतं. मात्र अंगात लोह कमी असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिकडच्या मंडळींनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

रक्त देऊन झालं की त्याच दिवशी आहार बदलायला हरकत नाही, रिपोर्टची वाट कशाला पाहायची? पहिला हात चहाला घाला. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. तिच्या जागी गूळ घातला तरी हिशेब जवळपास तोच राहतो. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीनं भरा, पाव भागात उसळ किंवा घट्ट वरण आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात घ्या. कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भात शेवटी. या क्रमानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. ‘भाकरी कितीही चालते’ हा गैरसमज फार खोल रुजला आहे. भाकरीतही पिठाच्या प्रमाणात कर्बोदकं असतातच, म्हणून तीही मोजून खावी. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, उपासाला त्याऐवजी दही, काकडी, मूठभर दाणे घ्या.

घरातल्या कुणाची शुगरची गोळी ‘थोडी घेऊन बघू’ म्हणून घेऊ नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आणि काहींनी तपासणीच्या तारखेची वाट पाहायचीच नाही. तहान भागत नाही, लघवीला सारखं जावं लागतं, वजन झपाट्यानं उतरतंय, अशा माणसानं उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक पिऊन तहान भागवू नये, पाणी प्यावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. त्यात उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल तर रात्र असो वा पहाट, थेट रुग्णालयात.