सौदा निघाला, पट्टी कुठाय?

(सांगलीत ऐन द्राक्ष हंगामात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. हशा होता तो काढलाय, नव्हता तिथं घातलेला नाही.)

नमस्कार. मागं आवाज येतोय ना? पत्रिकेवर विषय छापलाय 'भारत-युरोप मुक्त व्यापार करार : वाटाघाटींचा प्रवास आणि सांगली जिल्हा'. मी एवढंच म्हणलं होतं की युरोपच्या करारावर बोलतो, बाकीचं संयोजकांनी हौसेनं वाढवलंय. 45 मिनिटं आहेत म्हणे. बघू.

27 जानेवारी 2026 ला दिल्लीत जाहीर झालं की युरोपियन युनियनबरोबरच्या वाटाघाटी संपल्या, आणि संध्याकाळपर्यंत मला निम्म्या तासगाव तालुक्यानं फोन केला, सर आता द्राक्षाला काय दर निघणार म्हणून. अरे बाबांनो, मी कॉमर्सचा रिटायर मास्तर, अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत एवढंच, मला काय विचारताय. पण मार्केट यार्डाच्या भाषेत सांगतो, सौदा निघालाय, तोलाई म्हणजे वजन व्हायचंय, आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, अजून कुणाच्या हातात पडलेली नाही.

ही बोलणी सुरू झाली जून 2007 ला. तेव्हा माझा पोरगा चौथीत होता, आज त्याचं पोरगं अंगणवाडीत जातंय. तेव्हा युरोपियन युनियनमध्ये 27 देश होते, 2013 ला क्रोएशिया आला, 28 झाले, मग ब्रिटन रुसून बाहेर पडला, परत 27. म्हणजे वऱ्हाड तेवढंच राहिलं, फक्त व्हिस्कीसाठी भांडणारा मामा मधूनच उठून गेला. त्या मामानं आपल्याशी वेगळी बोलणी लावली, म्हणाला 2022 च्या दिवाळीपर्यंत उरकून टाकू, आणि सही झाली जुलै 2025 ला. दिवाळी कुठली हे सांगितलं नव्हतं, चूक आपली.

युरोपबरोबर घोडं अडलं ते नेहमीच्याच गोष्टींवर. ते म्हणणार मोटारी, वाइन, दारू यांच्यावरची ड्युटी उतरवा, आपण म्हणणार आमच्या पोरांना तिकडं कामाला येऊ द्या आणि दुधाला हात लावू नका. 2013 ला बोलणी थांबली ती थेट 2022 ला परत सुरू. लोक विचारतात आत नक्की काय चालतं, तर मी लहानपणी वडिलांबरोबर हळदीच्या सौद्याला जायचो, तिथं अडत्या आणि व्यापारी हातावर रुमाल टाकायचे आणि खाली बोटं दाबून भाव ठरायचा, वरनं दोघांची तोंडं अशी की जणू कुणाच्या मयतीला आलेत. ब्रसेल्सला तेच, रुमाल तेवढा इस्त्रीचा.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगतो, पत्रिकेत नाहीये ते. आपण सगळे ड्युटी ड्युटी करतो. आपल्यासारखीच द्राक्षं तिकडं पाठवणाऱ्या चिलीचा युरोपशी 2003 पासून करार चालू आहे, त्यांना सवलत आणि आपल्याला नाही, ही तक्रार बरोबरच आहे. पण आमच्या घराला ड्युटीनं नाही बुडवलं. 2010 साल, बागायतदार बसलेत त्यांना आठवत असेल, सीसीसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लोरमेक्वाट क्लोराइड, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून मारायचं औषध. उन्हाळ्यात मारलेलं, त्याचा अंश फेब्रुवारीच्या मण्यात निघाला. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. आणि गंमत बघा, आपल्याकडं माल जाण्याआधी जी तपासणी व्हायची त्या यादीत हे नावच नव्हतं! म्हणजे रिपोर्ट पास, कंटेनर रवाना, आणि तिकडं गेल्यावर नापास.

आमच्या थोरल्या भावाचा माल त्यात होता. मणी असा की अठरा मिलिमीटरच्या खाली एक नाही, वहिनीनं स्वतः कात्री घेऊन घड विरळले होते. निर्यातदार, नाव घेत नाही, आधी रोज दोनदा फोन करायचा, मग आठवड्यातनं एकदा, मग त्याचा फोन बंद. जूनमध्ये पाकीट आलं. भावानं उघडलं, दोनदा वाचलं, आणि माझ्याकडं दिलं, म्हणाला तू कॉमर्सवाला, हे उणे चिन्ह कशाचं? पट्टी उणे आली होती. माल तिकडं नष्ट करायचा खर्च, कोल्ड स्टोरेजचं भाडं, जहाजाचं भाडं, सगळं आमच्या नावावर. आई माजघरातनं म्हणाली, एवढ्या लांब द्राक्षं पाठवली आणि वर आपणच पैसे द्यायचे, हे कुठल्या सोयरिकीतलं? मी तीस वर्षं आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला, तिला उत्तर देता आलं नाही. आधी त्या पैशातनं गच्ची करायची होती, ती भावानं पुढं सहा वर्षांनी केली.

हे काय, चिठ्ठी? पाच मिनिटं? अहो आत्ता कुठं... बरं. पळवतो.

करारात काय ठरलंय. मोटारींवरची ड्युटी 110 टक्क्यांवरनं टप्प्याटप्प्यानं 10 वर येणार, ती पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात. वाइनवरची 150 वरनं काही वर्षांत 20-30 वर, पलूसला आपण वाइन पार्क काढला होता आठवतंय ना, त्यावर बोललो तर अर्धा तास जाईल, सोडा. दूध बाहेर ठेवलंय, गवळ्यांनी निवांत झोपावं. आणि ज्या मालाला तिकडं सवलत मिळणार म्हणून सांगितलंय त्यात खायची द्राक्षं आहेत.

पण दोन गोष्टी नीट ऐका. एक, औषधाच्या अंश मर्यादेचे नियम त्यांचे त्यांच्याकडंच राहिलेत, ड्युटी शून्य झाली तरी मर्यादा म्हणजे मर्यादा. दोन, फौंड्रीवाले बसलेत त्यांच्यासाठी, सीबॅम म्हणून युरोपचा कार्बनचा कर आहे, लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर, तो 1 जानेवारी 2026 पासून खराखुरा लागू झालाय, एका दारानं ड्युटी गेली तरी दुसऱ्या दारानं हा आत येतोय, तुमचा माल त्यात बसतो का हे कोड नंबर घेऊन सीएला विचारा, मला नको. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला आपलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण तिकडं ते नाव राखायचं का याची बोलणी वेगळ्या टेबलावर चाललीत. आणि मूळ करार? मजकूर कायद्यानं तपासायचा, युरोपच्या 24 भाषांत उतरवायचा, मग त्यांची पार्लमेंट. तोवर आपली एक-दोन छाटणी होऊन जाईल.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे संपलं. प्रश्न खाली चहाला विचारा. घरचा बेदाणा आणलाय, घ्या सगळ्यांनी, सीसीसी नाहीये त्यात, मी तपासून घेतलंय... म्हणजे भावाला विचारलंय.