देव आधी बोलतो

[दृश्य: रोम. संत पेत्राच्या महामंदिराचा मध्यभाग, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या बिशपांच्या रांगा. कृष्णधवल चित्रण.]

२० नोव्हेंबर १९६२. जगभरातून आलेले दोन हजारांहून अधिक बिशप मतदानाला बसलेत. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक बिशपांची जागतिक सभा, सुरू होऊन जेमतेम सव्वा महिना झालाय. समोर एक मसुदा आहे. देव माणसाला आपली ओळख कशी करून देतो, म्हणजेच प्रकटीकरण, हा त्याचा विषय.

प्रकटीकरणाचे स्रोत दोन, पवित्र शास्त्र आणि परंपरा, इथूनच त्या मसुद्याची सुरुवात होती. अनेक बिशपांना तो कोरडा वाटला. देवाविषयीची सत्यं कुठे सापडतात हे त्यात होतं, पण स्वतः देव त्यात फारसा बोलताना दिसत नव्हता.

मतदानाचा प्रश्न होता, चर्चा थांबवायची का? म्हणजे ज्याला मसुदा नको, त्यालाच 'हो' म्हणावं लागत होतं. १,३६८ जण म्हणाले, थांबवा. ८२२ जण म्हणाले, चालू ठेवा. थांबवायला दोन तृतीयांश मतं लागत होती, त्याला १०५ कमी पडली. नियमाने मसुदा पुढे सरकायला हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी पोप जॉन तेविसावे यांनी तो मागे घेतला आणि फेरलेखन एका संयुक्त समितीकडे सोपवलं. कार्डिनल ओताविआनी आणि कार्डिनल बेआ हे दोन अगदी वेगळ्या विचारांचे धर्मपंडित त्या समितीचे प्रमुख होते.

तीन वर्षं गेली. मधल्या काळात पोप जॉन वारले, पोप पॉल सहावे आले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी नवा दस्तऐवज मताला आला. बाजूने २,३४४, विरोधात ६. त्याचं लॅटिन नाव 'देई व्हेर्बुम', म्हणजे 'देवाचं वचन'.

पहिल्याच वाक्यात परिषद म्हणते की ती देवाचं वचन आदराने ऐकते आणि मग विश्वासाने जाहीर करते. लगेच पुढे येतं ते सगळ्या शिकवणुकीचं हृदय: अदृश्य देव आपल्या अपार प्रेमापोटी माणसांशी मित्रांशी बोलावं तसा बोलतो, त्यांच्यात वावरतो, त्यांना आपल्या सहवासात बोलावतो. देव आधी काही माहिती देतो असं इथे म्हटलेलं नाही. तो स्वतःला देतो. प्रकटीकरण या विषयावर कॅथलिक ख्रिस्तसभा जे काही शिकवते, ते या एका गोष्टीतून उलगडत जातं.

[दृश्य: रात्रीचं आकाश. मग पहाटेचा समुद्र.]

सृष्टीकडे पाहून देव कळतो का? ख्रिस्तसभेचं उत्तर आहे, हो. २४ एप्रिल १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठामपणे सांगितलं की निर्माण केलेल्या वस्तूंवरून, बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात, देव निश्चितपणे ओळखता येतो. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही हेच आहे.

मग वेगळं बोलण्याची गरज काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी याचं फार मोकळं उत्तर दिलं. केवळ बुद्धीवर सोडलं असतं, तर देवाविषयीचं सत्य मोजक्यांनाच गवसलं असतं, तेही फार उशिरा, आणि त्यात चुकांची भेसळ झालीच असती. ज्याला विचार करायला सवड नाही, ज्याचं आयुष्य राबण्यात जातं, त्याने काय करायचं? या उत्तरात मला सामान्य माणसाविषयीची कणव दिसते.

आणखी एक कारण आहे. एखाद्याचं घर पाहून तो कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. पण त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, हे तो बोलल्याशिवाय कळत नाही.

[दृश्य: सीनायचा उघडा डोंगर. वारा.]

देव बोलला तो एकदम सगळं नाही. नोहाशी करार, अब्राहामाला दिलेली हाक, मग मोशे, मग संदेष्टे. माणसाला झेपेल तसं, टप्प्याटप्प्याने.

मोशेचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. तो सासऱ्याची मेंढरं चारतोय. झुडूप पेटलंय, पण जळून जात नाही. पायांतले जोडे काढ, असं त्याला सांगितलं जातं. पुढचे शब्द असे आहेत: मिसर (इजिप्त) देशातल्या माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, त्यांचा आक्रोश ऐकला आहे. 'मी आहे तो आहे' हे नाव त्यानंतर येतं. गुलामांचं रडणं ऐकणारा, अशी ओळख देव आधी करून देतो.

त्याच डोंगरावर, ज्याला होरेबही म्हणतात, पुढे एलीया हा संदेष्टा येतो. थकलेला, जिवाच्या भीतीने पळालेला. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव त्यांत नसतो. शेवटी येते एक शांत, मंद वाणी. ती ऐकून एलीया झग्याने तोंड झाकून घेतो.

आणि मग, ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे, तो बोलणारा देव स्वतःच आला. 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली,' असं योहान लिहितो. येशूचा शिष्य फिलिप्प म्हणतो, प्रभू, आम्हाला पिता दाखवा. येशू उत्तर देतो, 'ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे.'

हे वाक्य घाईने ओलांडू नये. कुष्ठरोग्याला हात लावणारा, जकातदारांच्या पंगतीला बसणारा, लाजराच्या कबरीपाशी रडणारा येशू पाहिला, की पिता पाहिला. कृती आणि शब्द एकमेकांत गुंफलेले असतात, असं 'देई व्हेर्बुम' सांगतं. क्रूसावरचा मृत्यू नुसता पाहिला, तर तो रोमन सत्तेने दिलेला आणखी एक देहदंड वाटेल. आणि तो क्रूस नसता, तर वैऱ्यावर प्रीती करा ही नुसती शिकवण राहिली असती.

[दृश्य: जुनं हस्तलिखित. शाईची अक्षरं, कडेला झिजलेलं चर्मपत्र.]

येशूने स्वतः एकही पुस्तक लिहून ठेवलं नाही. त्याच्यामागे राहिली ती माणसं. नव्या करारातली सर्वांत जुनी पत्रं साधारण इ. स. ५० च्या सुमाराची, शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र आणि शिकवण सांगणारी पुस्तकं, त्यानंतरची. तोवर ख्रिस्तसभा प्रार्थना करत होती, भाकर मोडत होती, पुनरुत्थानाची साक्ष देत होती. पौल करिंथकरांना म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं. कॅथलिक ज्याला पवित्र परंपरा म्हणतात ती हीच, हातून हाती आलेली. म्हणून शास्त्र आणि परंपरा ही एकाच दैवी झऱ्यातून वाहतात, असं १९६५ च्या दस्तऐवजात म्हटलं आहे.

नव्या करारातल्या आजच्या २७ पुस्तकांची तंतोतंत यादी अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांच्या इ. स. ३६७ च्या पत्रात मिळते. जुन्या करारातली ४६ धरून एकूण ७३ पुस्तकांवर ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने शिक्कामोर्तब केलं.

या पुस्तकांचा खरा कर्ता देव, आणि ती लिहिणारी माणसंही खरेखुरे लेखक. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सुरुवातीलाच सांगतो की आपण मुळापासून शोध घेऊन लिहिलं आहे. त्याची मेहनत, त्याची भाषा, त्याचा काळ देवाने पुसून टाकला नाही. म्हणूनच काव्य, इतिहास, दृष्टान्त हे ओळखून वाचा, असं ख्रिस्तसभा सांगते. अर्थ सांगण्याचा अधिकार पोप आणि त्यांच्याशी एकरूप असलेल्या बिशपांकडे आहे. पण हा अधिकार वचनाच्या वर नाही, वचनाचा सेवक आहे.

[दृश्य: लूर्दची गुहा. मेणबत्त्या घेतलेले यात्रेकरू.]

मग फ्रान्समधल्या लूर्दचं काय? ११ फेब्रुवारी १८५८ रोजी चौदा वर्षांच्या बर्नादेत या मुलीला तिथे मरियेचं पहिलं दर्शन झालं, १८६२ मध्ये तिथल्या बिशपांनी त्याला मान्यता दिली. तरीही अशा खासगी प्रकटीकरणांवर विश्वास ठेवण्याचं बंधन कॅथलिकांवर नाही. ती ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर घालत नाहीत. त्या त्या काळात ते जगायला मदत करतात. सोळाव्या शतकातले संत क्रूसाचे योहान म्हणतात, पुत्र देऊन देवाने सगळं एकदाच बोलून टाकलं, आता वेगळं सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलं नाही. अर्थात ते समजून घ्यायला शतकं पुरत नाहीत.

[दृश्य: वाचनपीठ. उघडा वाचनग्रंथ.]

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सामधली, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली, वाचनंही बदलली. पूर्वी रविवारच्या वाचनांचं चक्र एका वर्षाचं होतं आणि जुना करार रविवारी क्वचितच कानी पडे. १९६९ मध्ये तीन वर्षांचं चक्र ठरलं. रविवारी शुभवर्तमानाबरोबर आणखी दोन वाचनं आली, आणि पहिलं वाचन वर्षातला बराच काळ जुन्या करारातलं असतं. मोशे, एलीया, यशया आता भाविकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत ऐकू येतात. वाचन संपलं की लोक देवाचे आभार मानतात. शुभवर्तमान आणि प्रवचन होतं, आणि त्यानंतरच सगळे उभे राहून आपल्या विश्वासाचा अंगीकार मोठ्याने म्हणतात.