दगडाखालचे कोळी

श्रोतेहो, नमस्कार. कोळी म्हटलं की जाळं आलंच, असं आपण धरून चालतो. आजच्या कुळातले कोळी मात्र शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. दिवसा दगडाखाली, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली रेशमी पिशवी करून बसायचं आणि अंधार पडला की जमिनीवर धावत भक्ष्य गाठायचं, हा त्यांचा क्रम. कुळाचं नाव नॅफोसिडी. जगभरात दोन हजारांहून जास्त जाती, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर.

माळावरचा चपटा दगड उचलताना आपल्यापासून लांबची कड वर घ्या. आपल्याकडे त्याच दगडाखाली लाल विंचूही असू शकतो. दगड मध्ये राहिला तर विंचू पलीकडच्या बाजूला पळतो. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा. पिशवीत अंडी असतील तर मादी तिथेच राखण करत बसलेली असते.

आता भिंग घ्या आणि कोळ्याच्या पोटाचं मागचं टोक बघा. धागा सोडणाऱ्या नळ्यांच्या जोड्या तिथे असतात. पुढची जोडी जाड, पिंपासारखी आणि दोघींमध्ये स्पष्ट फट, तर हा बहुधा नॅफोसिडी. क्लुबिओनिडी कुळात याच नळ्या निमुळत्या आणि एकमेकींना टेकलेल्या असतात. दुसरी खूण डोळ्यांची. आठांपैकी मागच्या ओळीतले मधले दोन बहुधा चपटे, तिरपे, चांदीसारखे चकाकणारे. ड्रॅसोडेस क्युप्रियस या जातीत हे दोन डोळे आकाशातल्या ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशावरून दिशा ओळखतात आणि संधिप्रकाशात कोळी आपल्या घरट्याकडे परततो.

त्या जाड नळ्यांचं काम विलक्षण आहे. इतर कोळी धागा पृष्ठभागाला चिकटवायला जी डिंकासारखी लस वापरतात, तीच हे कोळी भक्ष्याभोवती पळत त्याच्या पायांवर फासतात. पाय जखडले की आपल्याएवढा दुसरा कोळीही हाती लागतो.

वर्गीकरणाचा वादही या नळ्यांपाशीच येतो. प्रोडिडोमिडी हे शेजारचं कुळ. त्याच्याही नळ्या खास, म्हणून २०१८ मध्ये ते नॅफोसिडीत विलीन केलं गेलं. २०२२ मध्ये जनुकीय पुराव्यावरून ते पुन्हा वेगळं झालं. जुनी यादी वापरताना तिचं वर्ष आधी बघा.

कुळाच्या आत प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट. त्यांत झेलोटेस ही सर्वांत मोठी, शेकडो जातींची. तिच्या मागच्या दोन पायजोड्यांवर ताठ केसांची छोटी फणी असते. तिचा भर युरोप, आशिया आणि आफ्रिकेवर. कॅमिलिना ही दुसरी प्रजाती दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत. युरोझेलोटेस रस्टिकस ही जात; हा कोळी माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरला आहे, त्यामुळे तो सापडला म्हणून तिथला मूळचा ठरत नाही.

भारतातल्या जातींसाठी कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांचा ‘फौना ऑफ इंडिया’ या भारतीय प्राण्यांवरच्या ग्रंथमालेतला १९८२ चा खंड अजूनही उघडावाच लागतो. अडचण अशी की कितीतरी जातींचा फक्त नर किंवा फक्त मादीच वर्णिलेली आहे. एकाच जातीला दोन नावं मिळण्याचा धोका तिथेच असतो. रंगावरून जात ठरवू नये. नराचे स्पर्शपाद, म्हणजे तोंडाजवळचे पायांसारखे दोन छोटे अवयव, आणि मादीच्या पोटाखालचं जननांग पाहावं लागतं. पिल्लांमध्ये हे अवयव पूर्ण वाढलेले नसतात, म्हणून पिल्लावरून जात सांगता येत नाही.

नमुने हवेत तर प्लॅस्टिकचा पेला जमिनीत पुरा. काठ मातीच्या पातळीला किंवा केसभर खाली हवा. वर राहिला तर कोळी वळसा घालून जातो. आत मिठाचं पाणी आणि साबणाचे दोन थेंब. वर चार खड्यांवर फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर एका पावसात पेला भरून सगळं वाहून जाईल. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि गाव, तालुका, तारीख, जागेचा प्रकार असं सगळं पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि ठिकाण पुसलेला कोळी प्रसाराच्या नकाशावर कुठेच मांडता येत नाही.