सेप्सिसमध्ये रक्त गाळून काय साधतं?

(पुण्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, रक्त शुद्ध करायचं मशीन लावायचं का?" २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गीयाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली आणि 'प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) बदलणं' हा शब्द पुण्यात घरोघरी पोचला. हातपाय लुळे पडलेली माणसं त्या उपचारानं सावरतात, मग सेप्सिसवर, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागतात त्या आजारावर, तेच का नको, असं कुणालाही वाटेल. प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

जीबीएसमध्ये शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी नसांवर हल्ला करतात. त्या प्लाझ्मात असतात आणि प्लाझ्मा बदलला की त्यांचं प्रमाण घटतं. सेप्सिसमध्ये असा एकच गुन्हेगार नसतो. जंतुसंसर्गाला शरीर जे उत्तर देतं, तेच बेताल होतं आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत निकामी होऊ लागतात. रक्तात शेकडो रसायनं फिरत असतात. काही दाह (शरीराची सुजेची प्रतिक्रिया) वाढवतात, काही आवरतात, आणि त्यांचं प्रमाण तासागणिक बदलतं. फिल्टरला त्यातलं उपकारक कोणतं नि अपकारक कोणतं हे कळत नाही. शिवाय ही रसायनं मुख्यतः पेशींमध्ये तयार होतात. रक्तातून थोडी काढली तरी तिथलं उत्पादन चालूच राहतं.

तरीही कल्पना मुळात चुकीची नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. काही जंतूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक त्याला घट्ट धरून ठेवतं, पण मोठ्या मात्रेत ते मूत्रपिंडाला घातक ठरतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते औषध धाग्यांवर पक्कं बसवलं आणि त्या धाग्यांमधून रक्त फिरवलं. विष धाग्यांवर अडकतं, औषध अंगात जात नाही. फार सुंदर विचार! १९९४पासून जपानमध्ये ते वापरात आहे. २००९मध्ये इटलीतल्या ६४ रुग्णांच्या चाचणीत २८ दिवसांतला मृत्युदर नेहमीच्या उपचारांनी ५३ टक्के होता, तर हे कार्ट्रिज (असे धागे भरलेलं नळकांडं) लावलेल्यांत ३२ टक्के. चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर आशा पालवली.

मग मोठ्या चाचण्या आल्या. पोटातल्या संसर्गानं शॉकमध्ये गेलेल्यांवर, म्हणजे बीपी धोकादायकरीत्या कोसळलेल्यांवर, फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. दुसऱ्या एका चाचणीत अमेरिका-कॅनडात ४५० रुग्ण घेतले आणि त्यातल्या काहींना कार्ट्रिज लावलं. कुणाला खरा उपचार मिळतोय हे कळू नये म्हणून उरलेल्यांना नुसता देखावा केला होता. २०१८मध्ये निकाल आला. कार्ट्रिजच्या गटात ३७.७ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ३४.५ टक्के. म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. एंडोटॉक्सिन ठरावीक पातळीत असणाऱ्यांना उपयोग होत असावा, असं नंतरच्या विश्लेषणात दिसलं. तो संकेत मोलाचा आहे, पण त्याला पुरावा म्हणता येत नाही.

दाहाची रसायनं शोषणाऱ्या कार्ट्रिजबद्दल तर मी अधिक सावध आहे. जर्मनीत एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्रावर) असलेल्या ३४ कोविड रुग्णांत ते तपासलं. ३० दिवसांनी कार्ट्रिज लावलेल्या १७ पैकी ३ जण जिवंत होते, न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी लहान होती, आजारही वेगळा. म्हणून हे यंत्र मारतं असं मी म्हणणार नाही. पण 'लावून पाहू, तोटा तर नाही ना' हे वाक्य मात्र मी कधी उच्चारत नाही. ही कार्ट्रिज काही अँटिबायोटिकही शोषून घेतात. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पॉलिमिक्सिनचं कार्ट्रिज न वापरण्याकडे झुकतात आणि इतर पद्धतींबद्दल पुरावा अपुरा आहे असं सांगतात.

मग जीव कशानं वाचतो? शॉकमध्ये पहिल्या तासाभरात योग्य अँटिबायोटिक, मोजून सलाईन, बीपी टिकवणारी औषधं. आणि संसर्गाचं मूळ काढणं: पू बाहेर काढणं, फुटलेलं आतडं दुरुस्त करणं, खड्यानं तुंबलेल्या मूत्रपिंडात स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी नळी) घालणं. नळ वाहता ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. जुन्नर किंवा वेल्ह्याहून रुग्ण पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात येईपर्यंत कित्येक तास जातात. त्यामुळे तापाबरोबर धाप, बरळणं, लघवी कमी होणं दिसलं की थांबू नका; पहिलं अँटिबायोटिक वाटेतल्या रुग्णालयात मिळालं तर फार मोठं काम होतं.

एक गल्लत मात्र टाळा. मूत्रपिंडं बंद पडून पोटॅशियम किंवा आम्ल वाढलं तर डायलिसिस लागतं. तेही रक्त गाळणंच, पण ते बंद पडलेल्या अवयवाचं काम करतं, आणि अशा वेळी त्याला नकार देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "हे मूत्रपिंडासाठी आहे की सेप्सिससाठी? मूळ संसर्ग सापडला का? अँटिबायोटिकची मात्रा वाढवावी लागेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही.

आणि पैशांबद्दल. एका कार्ट्रिजचा खर्च लाखाच्या घरात जातो. त्यासाठी दागिने गहाण टाकायला निघालेली, जमिनीचा सौदा करणारी माणसं मी पाहिली आहेत. पैसे उभे राहिले नाहीत आणि माणूस गेला, तर घरच्यांना वर्षानुवर्षं टोचणी लागते, "तो फिल्टर लावला असता तर वाचले असते." अशी टोचणी घेऊन कुणी इथे बसलं असेल, तर त्यांना मला सांगायचंय की त्या फिल्टरमुळे तुमचं माणूस वाचलं असतं, असं आजवरच्या कोणत्याही मोठ्या चाचणीनं दाखवलेलं नाही.