शब्दाला जागणारा माणूस : स्कॉटिश नायकाची ओढ

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मैत्रिणींनो, मित्रांनो,

तीस हजार पौंड. १७४५ साली ब्रिटिश सरकारने एका माणसाला पकडून देण्यासाठी लावलेलं हे इनाम. तो माणूस म्हणजे चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, आपल्या घराण्याचं गेलेलं तख्त परत मिळवायला निघालेला राजपुत्र. १६ एप्रिल १७४६ला स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हर्नेसजवळ कलोडनच्या माळावर त्याच्या फौजेची तासाभरात धूळधाण उडाली आणि पुढचे पाच महिने तो हायलंड्सच्या डोंगरांत आणि पश्चिमेच्या बेटांवर लपत राहिला. त्याला आसरा देणाऱ्यांत अनेक घरं अशी होती की जिथे ओटच्या पिठाची लापशीसुद्धा रोज पोटभर मिळत नव्हती. बाहेर लाल कोटातले शिपाई घरं जाळत होते, गुरं हाकून नेत होते. नुसतं बोट दाखवलं असतं तर सात पिढ्यांची ददात मिटली असती. कुणीही बोट दाखवलं नाही. चोवीस वर्षांच्या फ्लोरा मॅकडोनल्डने त्याला बेटी बर्क नावाची आयरिश मोलकरीण बनवलं, बाईचा झगा घातला आणि होडीतून स्काय बेटावर नेलं. सप्टेंबरात तो फ्रान्सला निसटला.

स्कॉटिश नायकाच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचकांना, विशेषतः बायकांना, एवढ्या का आवडतात, हा आजचा विषय आहे. माझ्या मते त्याचं मूळ या पाच महिन्यांत आहे.

मी या कादंबऱ्या कॉलेजात असल्यापासून वाचते. तेव्हा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या छोट्या लायब्रऱ्या गल्लोगल्ली होत्या. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा, वाऱ्यावर केस उडणारा पुरुष आणि मागे धुक्यातला किल्ला. पुस्तक घरी न्यायचं तर वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच. त्या चित्रामुळे कितीतरी जणांचा समज झाला की आत फक्त दंड आणि छाती आहे. आत काय आहे हे वाचणाऱ्या बायकांना कुणी विचारलंच नाही. मला विचाराल तर आत एक असा माणूस आहे ज्याचा शब्द विकत घेता येत नाही. तो रागीट असेल, अडाणी असेल, त्याच्या छपरातून पाणी गळत असेल. पण एकदा हो म्हटलं की हो.

ही नुसती लेखिकांची कल्पना नाही, तिथल्या कायद्यातच शब्दाला वजन होतं. १७५४पासून इंग्लंडात लग्न चर्चमध्ये, रीतसर नोंद करूनच लावावं लागे, आणि परवान्याने लग्न करायचं तर एकविसाच्या आतल्या मुलामुलींना आईवडिलांची संमती लागे. सीमेपलीकडे स्कॉटलंडात मात्र दोघांनी ‘ही माझी बायको’, ‘हा माझा नवरा’ एवढं म्हटलं की लग्न लागलं. पाद्री नको, चर्च नको, फक्त दोन साक्षीदार. म्हणून तर घरातून पळालेली इंग्रज जोडपी घोडागाडी दामटत ग्रेटना ग्रीन गाठायची, सीमा ओलांडल्यावरचं जवळजवळ पहिलंच गाव, आणि तिथल्या लोहाराच्या ऐरणीपुढे उभी राहायची. नुसत्या बोलण्याने लागणारं हे लग्न स्कॉटलंडात १९४०पर्यंत कायदेशीर होतं. आता कादंबरीकाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नायिकेचा जीव वाचवायला नायक चारचौघांत म्हणतो, ‘ही माझी बायको आहे.’ ते खोटं असतं, पण तोंडातून बाहेर पडताच ते खरं होऊ शकतं. अशा एका वाक्यावर चारशे पानं उभी राहतात, आणि राहिलीही आहेत.

शब्द मोडला तर काय होतं, हेही त्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १६९२. ग्लेन्कोच्या खोऱ्यात मॅकडोनल्डांच्या घरी सैनिकांची एक तुकडी जवळजवळ दोन आठवडे पाहुणी होती. एकाच चुलीशी शेकत होती, पत्ते खेळत होती. १३ तारखेच्या पहाटे त्याच पाहुण्यांनी यजमानांवर हत्यार उपसलं. अडतीसच्या आसपास माणसं मारली गेली आणि बायकामुलं बर्फात पळाली, त्यातली किती गारठून गेली याची गणती नाही. स्कॉटिश कायद्यात विश्वासघाताने केलेल्या खुनाला वेगळं नाव होतं आणि तो साध्या खुनाहून मोठा गुन्हा मानला जायचा. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याचा गळा कापायचा नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. या कादंबऱ्यांतल्या खलनायकाने पाहुणचाराचा घात केला की आपण दातओठ खातो, ते यामुळे.

आता नायिकेकडे येते, कारण माझ्या वाचनात खरी गोडी तिथे आहे. इंग्रज ड्यूकच्या प्रेमकादंबऱ्याही मी पुष्कळ वाचल्या. तो ड्यूक बहुतेकदा एकटा असतो. मोठा वाडा, मोठी दौलत आणि मनाला कंटाळा. हायलंडचा नायक एकटा सापडतच नाही. हायलंडच्या गेलिक भाषेत ‘क्लान’, म्हणजे कुळ, या शब्दाचा अर्थच मुळी लेकरंबाळं. त्याच्या अवतीभवती म्हातारी आत्या, नाराज काका, विधवा भावजय, सावत्र भाऊ, आचारी, गुराखी, आणि ज्याच्या बापाला याच्या बापाने मारलं तो शेजारी, हे सगळे असतातच. नायिका, बहुधा इंग्रज किंवा शत्रूच्या कुळातली, राजाच्या हुकमाने किंवा तहाच्या अटीपायी या गोतावळ्यात येऊन पडते. भाषा कळत नाही. स्वयंपाकघरात तिला कुणी हात लावू देत नाही. कोठीच्या किल्ल्या दुसऱ्याच बाईच्या कमरेला. आणि मग तीन-चारशे पानांत ती एकेक माणूस जिंकते, आजारी पोराला रात्रभर मांडीवर घेऊन बसते, आणि एक दिवस ती म्हातारी न बोलता किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवते. अशाच एका कादंबरीतलं हे पान वाचताना मी माझ्या आईला रडताना पाहिलं आहे. इंग्रजी अडखळत वाचायची ती. मला म्हणाली, ‘अगं, हे तर सासर आहे.’

ती ज्या कापडात गुंडाळून त्या घरात जाते तेही ओळखीचं वाटतं. जुना मोठा प्लेड म्हणजे शिवलेलं वस्त्र नव्हेच. अरुंद मागावरच्या दोन पट्ट्या जोडून केलेलं लांबलचक लोकरी कापड. ते जमिनीवर पसरायचं, हाताने चुण्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं, कमरेला पट्टा आवळायचा आणि उठायचं. उरलेला भाग खांद्यावरून. पाऊस आला की डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. नेसणं आणि घालणं यातला फरक ज्यांच्या भाषेत आहे त्यांना हे चटकन कळेल: तो पुरुष कापड नेसतो. मात्र तेराव्या शतकातल्या नायकाला प्लेड नेसवणाऱ्या लेखिकांचं मला पटत नाही. ते नेसणं सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसायला लागतं, आणि प्रत्येक कुळाचे ठरलेले रंग-चौकडे तर बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

कलोडननंतर हाच पोशाख गुन्हा ठरला. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. १७८२ साली बंदी उठेपर्यंत हायलंडच्या पुरुषाला तो उजळ माथ्याने नेसायची वाट एकच होती, ज्यांनी हरवलं त्यांच्याच लष्करात भरती होणं. पुढे त्याच डोंगरांतल्या पोरांच्या पलटणी इंग्रजांसाठी जगभर लढल्या. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या राहिलेल्या पलटणींत ७४वी आणि ७८वी या हायलंडच्या होत्या. ज्यांच्या आजोबांचं राज्य बुडालं ते नातू आपलं राज्य बुडवायला आले होते. हे आठवलं की मी त्या नायकाकडे भाबडेपणाने बघू शकत नाही, आणि त्याच्यावर रागही धरू शकत नाही.

या कादंबऱ्यांत घड्याळ असतं, ते मला सगळ्यात मोठं बलस्थान वाटतं. गोष्ट १७४३-४४मध्ये सुरू झाली की वाचकाच्या पोटात गोळा येतो, कारण एप्रिल १७४६ येणार हे आपल्याला ठाऊक आणि त्या दोघांना नाही. डायना गॅबल्डन यांनी १९९१च्या ‘आउटलँडर’मध्ये हे घड्याळ थेट नायिकेच्या हातात दिलं. १९४५मधली परिचारिका दोनशे वर्षं मागे जाते. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या लोकांचं काय होणार हे तिला तारखेसह माहीत आहे. आज कलोडनच्या माळावर फ्रेझर कुळाच्या नावाचा ओबडधोबड दगड आहे, १८८१ साली उभारलेला. त्या कादंबरीतल्या नायकासाठी लोक तिथे इतक्या संख्येने फुलं घेऊन जाऊ लागले की पायांखालचं गवत मेलं आणि दगडाभोवती दोरी बांधावी लागली. काही जणांना हा पोरकटपणा वाटतो. मला वाटत नाही. न झालेल्या माणसाच्या निमित्ताने झालेल्या माणसांच्या मातीपर्यंत कुणी गेलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

हे घड्याळ पहिल्यांदा लावलं वॉल्टर स्कॉटने, १८१४च्या ‘वेव्हर्ली’त. राजपुत्र चार्ल्सच्या १७४५च्या उठावात स्वतः लढलेल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी त्याने तरुणपणी ऐकल्या होत्या. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर स्कॉटची छाया आहे हे समीक्षक सांगत आलेच आहेत, म्हणजे हे वाङ्मयीन नातं आपल्याला परकं नाही.

दोष सांगायला हवेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक कादंबऱ्यांत नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. ती पानं मी आज कुणाच्या हाती देणार नाही. शब्दाला जागणारा माणूस ‘नाही’ या शब्दालाही जागला पाहिजे.

दुसरी तक्रार जास्त जिव्हाळ्याची आहे. नायक नेहमी कुळाचा प्रमुखच का? प्रमुख बाप आणि कुळ लेकरं, हा शब्द शेवटी मोडला तो प्रमुखांनीच. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरच्या हक्काला गेलिकमध्ये ‘दूखस’ म्हणतात. आपला जुना शब्द मिरास. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांचं उत्पन्न जास्त दिसलं तेव्हा तो हक्क कुणी विचारातही घेतला नाही. जून १८१४मध्ये सदरलंडच्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये जमीनदारिणीच्या कारभाऱ्याने, पॅट्रिक सेलरने, घरं खाली करवली. एका घरात नव्वदी ओलांडलेली म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिला बाहेर काढेपर्यंत छप्पर पेटलेलं होतं. काही दिवसांत ती गेली. सेलरवर १८१६ साली इनव्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

त्या उजाड मुलखात झाडं फार कमी. छपराचे वासे ही कुटुंबाची खरी मत्ता, एका घरातून दुसऱ्या घरात नेली जाणारी. म्हणूनच ते जाळत, म्हणजे माणसं परत येऊन घर उभं करू शकणार नाहीत. अशा एका घरातल्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीची गोष्ट मला वाचायची आहे. त्याच्याकडे किल्ला नाही, तलवार नाही, पाठीशी कुळ उरलेलं नाही. समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्याकडे जाताना त्याच्या खांद्यावर जळण्यातून वाचवलेला एक वासा आहे, आणि दुसरं टोक तिने धरलं आहे.