झाकण मिटलं तरी न संपणारे गेम

[दृश्य : अंधारं टेबल. त्यावर मिटलेला निन्टेन्डो डीएस, हातात धरून खेळायचा झाकणाचा कन्सोल. कडेचा छोटा हिरवा दिवा हळूहळू उजळतो, विझतो.]

हा दिवा लुकलुकतोय, म्हणजे आत गेम चालू आहे. मध्येच थांबलाय, एवढंच. कुणीतरी हाक मारली असेल, रांग पुढे सरकली असेल, नाहीतर उतरायचं स्टेशन आलं असेल. झाकण मिटलं आणि कन्सोल खिशात गेला. पुन्हा उघडाल तेव्हा उडी मारणारा गडी हवेत त्याच जागी सापडेल.

हातातल्या कन्सोलवर खेळणाऱ्याला वेळ असाच मिळतो, तुकड्यातुकड्यांनी. टीव्हीसमोर तीन तास बसणाऱ्यासाठी केलेला गेम या तुकड्यांत बसेलच असं नाही. म्हणून कुणी मला "कुठला गेम घेऊ?" असं विचारलं, की ग्राफिक्स आणि स्टोरीच्या आधी मी एकच गोष्ट बघतो. हा गेम अर्ध्यात सोडला आणि चार दिवसांनी पुन्हा हातात घेतला, तर तो ओळख दाखवतो का? की "तू कोण, कुठे होतास, काय करत होतास," सगळं विसरून बसतो?

पुढे येणारे सगळे गेम या परीक्षेत उतरलेले आहेत. प्रकार वेगवेगळे आहेत, यंत्रंही वेगवेगळी.

[दृश्य : जुना राखाडी गेम बॉय. खिडकीतल्या उन्हात कुणीतरी स्क्रीन तिरकी धरतंय.]

1989 साली निन्टेन्डोचा गेम बॉय हा हातातला कन्सोल आला. स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची. रंग म्हणाल तर हिरवटाच्या चार छटा, आणि स्क्रीनमागे दिवा नाही. खेळायचं तर खिडकीशी बसायचं. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत आणि झळझळीत. पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. निन्टेन्डोचे गुन्पेई योकोई यांचा हा हट्टच होता, की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, पुरतं पारखलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला कुणी न लावलेल्या कामाला लावायचं.

अमेरिकेत या गेम बॉयच्या खोक्यातच टेट्रिस मिळायचा. मॉस्कोत संगणकशास्त्राचं काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो 1980च्या दशकाच्या मध्यावर बनवला होता. सात आकार, प्रत्येकात चार चौकोन. कुठल्याही हॅण्डहेल्डवर, म्हणजे हातातल्या कन्सोलवर, पहिला गेम कुठला घ्यावा, तर आजही मी टेट्रिसच सांगेन. त्यात विसरण्यासारखं काही नसतंच. आडवा लांबडा आकार खाली येताना दिसला, की अंगठा त्याला आपोआप उभा करतो. वर्षभर हात लावला नसेल तरी करतो.

टेट्रिसनंतर काय, असं विचाराल तर लुमिनेस. सोनीच्या पीएसपी या हॅण्डहेल्डबरोबर, 2004च्या डिसेंबरात आलेला, तेत्सुया मिझुगुची यांचा गेम. दोन रंगांचे चौकोन रचायचे. एका रंगाचा चौरस जमला तरी तो लगेच जात नाही. गाण्याच्या ठेक्यावर एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत असते, ती वरून गेली की मगच चौरस पुसला जातो. त्यामुळे रेघ पोचायच्या आत अजून दोन चौकोन चिकटवता येतील का, या घाईत माणूस गाण्याच्या तालावरच विचार करायला लागतो. हा हेडफोन लावूनच खेळा. आवाज बंद करून खेळलात तर निम्मा गेम हातचा गेला.

[दृश्य : समुद्रकिनारा. वाळूत पडलेला हिरव्या टोपीतला मुलगा. चार छटांचं चित्र.]

आता साहस. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग', 1993, गेम बॉय. निन्टेन्डोतल्या काही जणांनी कामाचे तास संपल्यावर हौसेनं सुरू केलेला हा प्रयोग, आणि त्या मोकळेपणाचा वास गेमला शेवटपर्यंत आहे. जहाज फुटून गेमचा नायक लिंक एका बेटावर येऊन पडतो. बेटाच्या डोंगरमाथ्यावर एक प्रचंड अंडं आहे. आत कोण झोपलंय ते लोक सांगतात, पण असं का, हे कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

अख्खं बेट सोळा बाय सोळा चौकटींचं आहे. कडेला गेलात की पुढची चौकट सरकून येते. एकेका चौकटीत दहा बाय आठ खण. एवढ्याशा जागेत बनवणाऱ्यांनी काय काय भरलंय ते बघा : इथे एक न फुटणारा दगड, तिथे पोचता न येणारी पेटी, पलीकडे उगाच भुंकणारं साखळीचं जनावर. प्रत्येक चौकट पोस्टकार्डासारखी डोक्यात राहते. चार दिवसांनी परत या, तो दगड दिसला की लगेच आठवतं, "अरे, आता माझ्याकडे हे उचलायचं कंकण आहे!" वहीत काही टिपून ठेवायची गरज पडत नाही. वही म्हणजे ते बेटच.

आणि त्यातलं ते दुकान. दुकानदाराची नजर तुमच्यावर असते. त्याच्याभोवती फिरत त्याला पाठमोरा केलात, तर पैसे न देता वस्तू घेऊन दाराबाहेर पळता येतं. जमलं म्हणून आनंद होतो. पण त्या क्षणापासून गेममधले सगळे तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारायचं सोडून 'चोर' म्हणतात. जी मुलगी किनाऱ्यावरून तुम्हाला घरी घेऊन आली, तीसुद्धा. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे माझ्याकडून झालं, आणि सेव्ह पुसून मी सगळं पहिल्यापासून खेळलो. तिच्या तोंडून तो शब्द ऐकवेना. चार छटांच्या, इंचभर चित्रांच्या गेमनं एवढी लाज वाटायला लावावी, याचं मला अजून अप्रूप आहे.

2019 साली हा गेम निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर नव्या रूपात आला, खेळण्यांच्या दुकानातल्या बाहुल्यांसारखा चकचकीत. तोही छान आहे. गेम बॉयची सवय नसलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. शेवट मात्र कुणाकडून ऐकू नका.

[दृश्य : आठ बाय आठ खणांचा पट. तीन यंत्रमानव, समोर राक्षसी किडे.]

डावपेचांचे गेम हॅण्डहेल्डवर फार शोभतात, कारण ते तुमची वाट बघतात. तुम्ही चाल करेपर्यंत समोरचा हलत नाही. गेम बॉय ॲडव्हान्सवरचा 2001चा 'ॲडव्हान्स वॉर्स' त्या बाबतीत अजून ताजा आहे. पण एकच निवडायचा तर मी 2018चा 'इन्टू द ब्रीच' निवडेन. दोघांच्या छोट्या स्टुडिओचं काम.

पट आठ बाय आठचा. तुमच्याकडे तीन यंत्रं. जमिनीतून येणारे महाकाय किडे शहरातल्या इमारती पाडायला निघालेत. यातली गंमत अशी, की शत्रू पुढच्या क्षणी नेमकं काय करणार हे आधीच पटावर दाखवलेलं असतं. कुणाचा वार कुठल्या खणावर, किती जोराचा, पुढचा किडा कुठून उगवणार, सगळं उघडं.

एक चाल जवळून बघू. डावीकडचा किडा इमारतीवर वार करायच्या तयारीत आहे. त्याला मारून टाकण्याइतका जोर माझ्या यंत्रात नाही. पण माझ्या ठोशानं समोरचा एक खण मागे सरकतो. मग त्याला वरच्या बाजूला ढकललं तर? त्याचा वार तसाच उजवीकडे जाणार, पण आता उजवीकडे इमारतीच्या जागी त्याचाच भाऊबंद उभा आहे. म्हणजे एका ठोशात इमारत वाचली आणि दुसरा किडा त्यांच्याच हातून गेला. उरलेलं यंत्र मी जमिनीत भेग पडलेल्या खणावर नेऊन उभं करतो. खालचा किडा आता वर येऊ शकत नाही. यंत्राला थोडी इजा होते, ती मी सोसतो.

एवढं सुचायला मला दहा मिनिटं लागतात. मधे दोनदा कन्सोल बाजूला ठेवावा लागतो, चहा होतो, आणि उत्तर कधीकधी त्या वेळातच सुचतं. परत स्क्रीन उघडली की सगळा पट तस्साच, लपवलेलं काही नाही. बहुतेक लढाया पाच-एक चालींत आटोपतात. अर्ध्यात सोडण्यासाठी याहून चांगला गेम मला माहीत नाही.

[दृश्य : काळ्या सावल्यांचे, एकेक डोळ्याचे छोटे सैनिक रांगेत. ढोलाचा ठेका.]

पाटा, पाटा, पाटा, पॉन.

पीएसपीवरचा 2007चा 'पाटापॉन'. तुम्ही या इवल्या सैनिकांचे देव आहात, आणि देवाकडे फक्त ढोल आहेत. चौकोनाचं बटण म्हणजे पाटा, गोलाचं म्हणजे पॉन. पाटा-पाटा-पाटा-पॉन वाजवलं की फौज पुढे चालते. पॉन-पॉन-पाटा-पॉन, की भाले सुटतात. तुम्ही चार ठोके द्यायचे, मग चार ठोके ते गाऊन उत्तर देतात आणि हुकूम पाळतात. त्यांचं गाणं संपेपर्यंत तुम्ही बटण दाबायचं नाही. ते थांबणंच कठीण असतं. समोरून बाण येताना दिसतात, हात शिवशिवतो, आणि घाई केलीत की ठेका मोडतो, फौज गोंधळून उभी राहते. ताल न चुकवता वाजवत राहिलात की मात्र त्यांच्या अंगात येतं, गाण्याला जोर चढतो, वार दुप्पट जोमानं पडतात. लेझीम-ढोल ज्यांनी वाजवलेत त्यांना हे सांगायलाच नको. हा गेम आता स्विचवरही मिळतो, तेव्हा जुना पीएसपी शोधत बसायचं कारण उरलेलं नाही.

बाकीचे प्रकार भराभर घेतो.

रहस्य आवडणाऱ्यांनी 'घोस्ट ट्रिक' सोडू नये. 2010 साली डीएसवर आला, शू ताकुमी यांचा. नायक पहिल्याच दृश्यात मेलेला असतो. आता तो भूत होऊन दिव्यात, पंख्यात, सायकलीत शिरतो आणि दुसऱ्याच्या मरणाआधीच्या चार मिनिटांत जाऊन ते मरण टाळायचा प्रयत्न करतो. छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी असा चिमटा की पुढचं उघडावंच लागतं. त्यात एक कुत्रा आहे, त्याला मी कधीच विसरणार नाही.

पोकेमॉनमध्ये कुठला, तर डीएसवरचे 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर'. यात तुमच्या चमूतला पहिला पोकेमॉन तुमच्या मागेमागे चालतो. वळून त्याच्याशी बोलता येतं. लढाईत याचा फारसा उपयोग नाही, पण सोबत वाटते.

उड्यांचे, चढाईचे गेम हवे असतील तर 'सेलेस्ट', 2018. अवघड आहे, खरंच अवघड. पण पडलात की पापणी लवायच्या आत त्याच खोलीच्या तोंडाशी उभे असता, आणि एकेक खोली साधारण एका स्क्रीनएवढीच. हात साथ देत नसेल तर वेग कमी करायची, जास्तीचा दम घ्यायची सोयही आत दिलेली आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नका.

'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून बनवला. शेती, मासेमारी, गावातल्या लोकांशी ओळखी. स्विचवर यात सेव्ह होतं ते रात्री झोपल्यावरच, म्हणजे माझ्या परीक्षेत हा नापास व्हायला हवा. पण गेममधला पूर्ण दिवस असतो साधारण चौदा मिनिटांचा. एक दिवस नांगरला, पाणी घातलं, झोपलो. बसतो बरोबर.

पत्त्यांचा 'बलाट्रो', 2024, याबद्दल मात्र सावध करतो. पोकरचे हात लावायचे आणि दीडशे जोकरांतून निवडलेल्या जोकरांनी त्यांचे गुण फुगवायचे, एवढंच आहे. मध्येच थांबवता येतो, हवा तिथे सोडता येतो. सोडवत नाही ही गोष्ट वेगळी. झोपेच्या वेळी उघडू नका.

मोठ्या पडद्यासाठी बनवलेले गेम हातात घेताना आधी त्यातली अक्षरं बघा. टीव्हीवर सुबक दिसणारा मजकूर सहा-सात इंचांत मुंगीएवढा होतो, आणि पाच तासांनंतर डोळे तक्रार करतात. अशा भव्य गेमांपैकी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मात्र हातात शोभतो. त्यात 120 छोटी मंदिरं विखुरलेली आहेत, आणि बहुतेकांत एकच कोडं. एक कोडं सोडवून थांबता येतं.

[दृश्य : डोंगर, पाइनची झाडं. छोटा निळा पक्षी चढतोय.]

आणि ज्यांनी आयुष्यात कधी कन्सोल हातात धरला नाही, त्यांच्या हातात मी 'अ शॉर्ट हाइक' देतो. 2019चा, दोन-तीन तासांत पुरा होणारा. क्लेअर नावाची पक्षी-मुलगी सुट्टीत मावशीकडे आलीय. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे आणि बेटावर रेंज नाही. रेंज मिळेल ती फक्त सगळ्यात उंच शिखरावर. वर जायला सोन्याची पिसं लागतात, जितकी पिसं तितका चढण्याचा दम. पण वाटेत कुणाची टोपी हरवलेली असते, कुणाला शर्यत लावायची असते, किनाऱ्यावर काठीनं चेंडू टोलवत बसलेलं कुणीतरी हाक मारतं. डोंगर कुठे पळून जात नाही. शेवटी शिखरावर पोचून तिनं पंख पसरले, की सगळं बेट खाली उलगडतं, आणि तो चेंडूवाला किनाराही तिथून दिसतो.